गोठ्यातल्या सायकली शाळेच्या रस्त्यावर: गोदाकाठच्या एका हायस्कूलचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यात गोदावरीच्या काठावरचा एक तालुका. काळी जमीन, ऊस, आणि दरवर्षी दुसरीकडे ऊसतोडीला जाणारी बरीच कुटुंबं. बाजाराच्या गावात पाचवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल आहे. शाळेचं आणि गावांचं नाव इथे दिलेलं नाही. आसपासच्या गावांतली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते. आठवीपासून मुलांना तीन ते सात किलोमीटरवरून या हायस्कूलला यावं लागतं, आणि नेमक्या याच वळणावर मुलींचं शिक्षण तुटतं.

हा तालुका मानव विकास कार्यक्रमातला. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत हा कार्यक्रम चालतो. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना त्यातून सायकलीसाठी पैसे मिळतात. पूर्वी ही रक्कम ३५०० रुपये होती, २०२२ मध्ये ती ५००० झाली. पैसे थेट खात्यावर येतात, पण एकरकमी नाही. आधी काही रक्कम आणि सायकल घेतल्याची पावती दिल्यावर उरलेली. पाच किलोमीटरपलीकडच्या मुलींसाठी निळ्या एसटी बस आहेत आणि बारावीपर्यंत मोफत पास आहे.

कागदावर सगळ्यांची सोय झालेली होती. प्रत्यक्षात सायकल मिळालेल्या मुलींपैकी निम्म्याहूनही कमी मुली सायकलवर येत होत्या. बाकीच्या चालत किंवा भरगच्च टमटममधून येत, नाहीतर आठवड्यातले दोन-तीन दिवस येतच नसत.

अडचण कुठे होती

शाळेला जाग आली ती एका अपघाताने. नोव्हेंबरमध्ये गाळप हंगाम सुरू झाल्यावर, शाळा सुटल्यानंतर अंधारात घरी निघालेल्या नववीतल्या मुलीच्या हँडलला, ट्रॅक्टरमागे जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांपैकी दुसरीतून बाहेर आलेल्या मोळ्या घासल्या. ती साइडपट्टीवर पडली आणि मनगटाचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागलं: विद्यार्थ्यांनी शाळेत सायकल आणू नये, आणल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.

मुलांनी सायकली शाळेबाहेरच्या किराणा दुकानामागे लावायला सुरुवात केली. तिथून एक सायकल चोरीला गेली. दोन आठवड्यांत हजेरीपटावर लांबच्या वस्त्यांची गैरहजेरी एवढी दिसू लागली की वर्गशिक्षकांनीच मुख्याध्यापकांकडे फलक काढण्याचा आग्रह धरला. बंदीने रस्ता तर सुरक्षित झाला नव्हता, फक्त शाळेची नजर मुलांवरून उठली होती.

फलक काढण्याआधी दोन शिक्षिकांनी वस्त्यांवर फिरून प्रत्येक सायकलीची स्थिती वहीत लिहून घेतली. हे या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम. त्याआधी शाळेत सगळे धरून चालले होते की पालक मुलींना सायकलवर पाठवायला तयार नाहीत. वहीत मात्र वेगळंच निघालं. गोठ्यात, पडवीत उभ्या असलेल्या बहुतेक सायकली साध्या कारणांनी बंद होत्या: पंक्चर, व्हॉल्व्हमधली सडलेली वालट्यूब, निसटलेली चेन, घासणारे ब्रेक. एका आजीने विचारलं, "सायकल हाय की मॅडम, पण हवा कुठं भरावं?" त्या गावातल्या एकमेव सायकल दुकानदाराने दुकान बंद करून मोटरसायकल दुरुस्ती सुरू केली होती. काही रुपयांच्या रबरी नळीसाठी पाच हजारांची सायकल वर्षभर उभी होती.

बाकी कारणंही वहीत होती. काही सायकली भाऊ किंवा वडील शेतावर आणि दूध घालायला नेत. काही मुलींना सायकल येतच नव्हती. काही घरांत सायकल मुलीपेक्षा मोठी घेतलेली होती, "वाढत्या वयाची पोरगी, पुढंही चालावी" म्हणून.

आणखी एक कारण मुलींनीच सांगितलं. उशीर झाला की शाळेत पहिला तास बाहेर उभं राहावं लागे. त्यामुळे वाटेत पंक्चर झालं की मुली पुढे ढकलत येण्याऐवजी मागे वळून घरी जात. एका पंक्चरची किंमत एक पूर्ण गैरहजेरी होत होती, आणि ती शाळेच्याच नियमामुळे.

कोणते पर्याय तोलले

शाळा व्यवस्थापनाची बैठक दोनदा झाली. पहिला पर्याय बंदी कायम ठेवून एसटीवर भर द्यायचा. आगाराकडे अर्ज गेला, पण दोन वस्त्यांपासून बसथांबा असलेला फाटाच दोन किलोमीटर लांब होता, आणि संध्याकाळी एकच फेरी. ती चुकली की रात्र. दुसरा पर्याय टमटम महिन्यावर ठरवायचा. तो पेरणीच्या दिवसांत पालकांना झेपला नसता, शिवाय सहाच्या जागी चौदा मुलं कोंबणारं वाहन सायकलीहून सुरक्षित कसं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

तिसरा पर्याय सायकल चालू द्यायची, पण शाळेने सायकलीची आणि वाटेची जबाबदारी उचलायची. यावर खरा वाद झाला. एका सदस्याचा मुद्दा रास्त होता: फाटकाबाहेर घडलेल्या गोष्टीला शाळा कशी बांधील? त्यावर एका शिक्षिकेने बिहारचं उदाहरण मांडलं. तिथे २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले, आणि त्यावर झालेल्या अभ्यासात शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत परिणाम सर्वांत ठळक दिसला. म्हणजे सायकलीची गरज नेमकी त्या मुलींना, ज्यांची वाट लांब आणि म्हणून धोक्याची. त्यांची सायकल बंद करणं म्हणजे त्यांची शाळा बंद करणं. शेवटी एका सत्रापुरता प्रयोग म्हणून तिसरा पर्याय मान्य झाला.

काय केलं

*वेळ.* सगळ्यात आधी आणि बिनखर्चाचा बदल हाच. शाळा पाचला सुटे आणि दहावीचा जादा तास सहापर्यंत चाले. त्या भागात नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मुली वाटेला लागायच्या आतच अंधार. जादा तास सकाळी साडेनऊला नेला. हंगाम संपेपर्यंत सायकलवाल्या मुलांना शेवटच्या तासातून दहा मिनिटं आधी सोडायचं ठरलं, जेणेकरून शाळा सुटल्यावरच्या गर्दीत आणि ट्रॉल्यांत ती एकदम सापडू नयेत. दोन शिक्षकांना सकाळी लवकर येणं अवघड होतं, त्यांचे तास शनिवारी लावले. उशिराची शिक्षा सायकलवाल्यांपुरती रद्द झाली. पंक्चर झालेली सायकल ढकलत आलेल्या मुलीची हजेरी पूर्ण लागू लागली.

*दुरुस्ती.* आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याहून येणाऱ्या मिस्त्रीला मानधन देऊन चार वेळा शाळेत बोलावलं आणि कार्यानुभवाच्या तासिकेत आठ मुला-मुलींना शिकवलं. सामान एवढंच: एक उभा पंप, हातपंप दोन, पाने, तीन टायर लिव्हर, काचपेपर, पॅच, सोल्युशनच्या लहान ट्यूब, वालट्यूबचं एक बंडल, तेलाची कुपी, पाण्यासाठी घमेलं. पंप घेताना एक गोष्ट पाहावी लागली. मुलींच्या साध्या सायकलींना जुना व्हॉल्व्ह असतो, तर मुलांच्या जाड टायरच्या सायकलींना मोटरसायकलसारखा. दोन्हींना बसेल असं तोंड नसेल तर निम्म्या सायकलींना हवा भरता येत नाही.

पंक्चर काढण्यात मुलांची एकच चूक वारंवार होई. सोल्युशन लावलं की लगेच पॅच चिकटवायचा. तो सकाळी धरतो आणि दुपारच्या उन्हात सुटतो. ट्यूब काचपेपरने खरवडायची, पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण तीन ते पाच मिनिटं, थांबायचं. मग पॅच मधून कडेकडे दाबत बसवायचा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवलंच पाहिजे. त्या रस्त्यांवर बाभळीचा काटा आणि सराटे एवढे की एक पंक्चर काढून टायर बसवला तरी आत मोडून राहिलेला काटा शंभर पावलांवर दुसरं करतो. सराट्याच्या वाटेवरच्या सायकलींना जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून टायरच्या आत अस्तरासारखी घातली. त्याने सायकल थोडी जड चालते, पण पंक्चर बरीच कमी होतात. कडेला शेजारीशेजारी दोन भोकं, सापाच्या चाव्यासारखी, दिसली तर दोष काट्याचा नाही. हवा कमी असताना खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटलेली असते. म्हणून रोज सकाळी अंगठ्याने टायर दाबून पाहायचं, जेमतेम दबला तर ठीक.

नव्या सायकलींचं दुखणं वेगळं. दुकानात घाईत जोडलेल्या सायकलीचे नट, तारा आणि क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, कॉटर पिन पहिल्या महिन्यात ढिली पडतात. पिन ढिली राहिली तर पॅडल मारताना कट्कट् आवाज येतो, आणि तशीच चालवली की पिन आणि क्रँक दोन्ही खराब. डाव्या पॅडलची आटी उलटी असते, हे माहीत नसल्याने एका घरी वडिलांनी जोर लावून आट्याच उडवल्या होत्या. त्यानंतर नवी सायकल आली की पंधरा दिवसांनी आणि महिन्याने शाळेत एकदा आवळून घ्यायची, असा नियम झाला. चेनला ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालणं बंद केलं. त्यावर धूळ चिकटून ती चेनला घासपट्टीसारखी खाते. त्याऐवजी चेन फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल एकेका कडीवर थेंबभर, आणि वरचं पुन्हा पुसून टाकायचं.

या व्यवस्थेला पहिला महिना यश आलं नाही, आणि कारण अगदी साधं होतं. सामानाची पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि किल्ली लिपिकाकडे. मुलं सव्वादहाला येत, किल्ली साडेदहाला, आणि तेव्हा प्रार्थनेची घंटा. पेटी फाटकाजवळ शिपाईमामांच्या ताब्यात गेली तेव्हा कुठे ती वापरात आली. उन्हाळ्यात सोल्युशनचा मोठा डबा उघडल्यावर वाळून गेला, तेव्हापासून लहान ट्यूबच आणतात. हवा आणि पॅच फुकट, नवी ट्यूब किंवा टायर खरेदीच्या भावात, दोन-तीन हप्त्यांत. दरमहा वर्गणी घेण्याचा विचार झाला होता, तो सोडला. वर्गणी थकली की मूल पेटीकडे येत नाही.

*वाट.* शाळेला दोन रस्ते आहेत: कारखान्याकडे जाणारा डांबरी आणि कॅनॉलच्या कडेचा कच्चा. डांबरीवर ट्रॉल्या, कॅनॉलवर निर्मनुष्यपण. शिक्षकांचं मत कॅनॉलच्या बाजूने होतं, मुलींचं नाही. तिथे मोटरसायकलवरची टोळकी थांबतात, हे त्यांनी शिक्षिकांना सांगितलं, शिक्षकांना नाही. ठरलं ते असं: सकाळी कॅनॉलने, पण गटानेच, संध्याकाळी डांबरीने. एका वस्तीचा सहा ते दहा जणांचा गट, पुढे एक जाणती मुलगी, सर्वांत मागे हातपंप घेतलेलं मोठं मूल. डांबरीवर एकामागे एक. डबल ट्रॉलीचा आवाज आला की डावीकडे उतरून उभं राहायचं. दुसरी ट्रॉली रस्त्यावर झोके घेते, त्यामुळे पहिली गेली म्हणून निघायचं नाही.

कारखान्याला पहिलं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. मग सरपंच आणि दोन पालक शेतकी अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटले. सोबत मुलांच्या जाण्यायेण्याच्या वेळा आणि रस्त्यावरच्या तीन अरुंद जागा एका कागदावर लिहून नेल्या. "मुलांची काळजी घ्या" या विनंतीवर कुणी काही करू शकत नाही. "सकाळी पावणेदहा ते साडेदहा, नळकांडी पुलावर" हे मात्र ट्रॅक्टरवाल्यांना सांगता येतं. ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावून घेण्याचं काम झालं, वेग कमी झाला की नाही हे चालकागणिक बदलत राहिलं.

हेल्मेटची सक्ती केली नाही. सगळ्यांना घेऊन देण्याइतके पैसे नव्हते, आणि सक्तीने सायकलच घरी राहिली असती. त्या पैशांत प्रत्येक सायकलीच्या मागच्या मडगार्डला लाल आणि पुढे पांढरी चकाकणारी पट्टी बसली. हा निर्णय त्या परिस्थितीत बरोबर वाटतो, पण पुढे पैसे उभे राहिले तर डांबरीवरच्या गटांना हेल्मेट द्यायलाच हवीत.

*शिकवणं आणि कपडे.* सायकल न येणाऱ्या मुलींना मैदानावर मोठ्या मुलींनीच शिकवलं. सीट खाली करून दोन्ही पॅडल काढायची, पायाने ढकलत हलक्या उतारावर तोल शिकायचा, तो आला की पॅडल लावायची. कॅरिअर धरून मागे धावण्यापेक्षा याने लवकर जमलं. सीटची उंची एवढी की बसल्यावर दोन्ही पावलांचा पुढचा भाग टेकावा. ओढणी चेनमध्ये किंवा मागच्या चाकात अडकण्याचे प्रसंग घडले होते, म्हणून सायकलवर ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ मारायची. दप्तर हँडलला लावायचं नाही, वळताना चाक ओढलं जातं. कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधायचं.

*सायकल कुणाची.* पालकसभेत एकच गोष्ट मागितली: शाळेच्या दिवशी सायकल मुलीची. स्टँडवर प्रत्येक सायकलीचा क्रमांक रंगवला आणि हजेरीपटात नावापुढे छोटी खूण सुरू झाली. चार दिवस खूण दिसली नाही की शिक्षिका विचारत, "ताई, सायकल कुठंय?" शेड बांधायला पैसे नव्हते, म्हणून कडुनिंबाखाली पाइपचा आडवा कठडा केला, साखळी लावता येईल असा. सावली असल्याने टायर उन्हात भेगाळत नाहीत, आणि कार्यालयाच्या खिडकीतून तो पूर्ण दिसतो.

काय झालं

पुढच्या हंगामापर्यंत मिळालेल्या बहुतेक सायकली रस्त्यावर होत्या आणि स्टँडवर मुलांच्याही बऱ्याच वाढल्या. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी दिसणारी लांबच्या वस्त्यांची गैरहजेरी ठळकपणे कमी झाली. रस्त्यावर किरकोळ पडझड झाली, हाड मोडण्यासारखा प्रसंग घडला नाही.

जे सुटलं नाही तेही सांगायला हवं. पाच किलोमीटरच्या निकषाबाहेर, सहा-सात किलोमीटरवरच्या वस्तीवरच्या मुलींना अनुदान नाही, आणि बस फाट्यापर्यंतच. त्यांच्यासाठी शिक्षकांनी शहरातल्या नातेवाइकांकडून पडून असलेल्या सायकली आणल्या आणि दुरुस्त करून वर्षभरासाठी दिल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या सायकली दिवाळीनंतर पाच-सहा महिने बंद राहात. पालकांच्या लेखी संमतीने त्यातल्या काही इतर मुलींना वापरायला दिल्या. मुली परतल्या तेव्हा सायकल चालू स्थितीत मिळाली, कारण चाललेली सायकल पडून राहिलेल्या सायकलीपेक्षा बरी राहते. पण एका घरी यावरून भांडण झालं, संमती आईची होती आणि वडिलांना ठाऊक नव्हती.

पावसाळ्याचं कोडं अर्धंच सुटलं. काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरमध्ये बसून चाक जाम होतं. पुढचं मडगार्ड काढून आणि मागच्याच्या सळया वर घेऊन जागा वाढवली, तरी सलग पावसात कच्ची वाट सोडावीच लागते. नळकांडी पुलावरून पाणी गेलं की कुणीही ओलांडायचं नाही, त्या दिवशीची गैरहजेरी धरायची नाही, हा नियम मात्र पक्का आहे.

काय वेगळं करता आलं असतं

बंदीचा फलक लावण्याआधी सायकलींची पाहणी झाली असती तर ते दोन आठवडे वाया गेले नसते, चोरीही टळली असती. कपड्यांचा आणि वाटेचा निर्णय घेताना मुलींना पहिल्या बैठकीतच बसवायला हवं होतं.

खरेदीच्या वेळी शाळा गप्प राहिली, ही मोठी उणीव. पैसे खात्यावर आल्यावर दुकानदार जी देईल ती सायकल घरी आली. मुलीला दुकानात नेऊन सीटवर बसवून पाहा, लहान चणीच्या मुलीला २६ ऐवजी २४ इंची घ्या, चेनकव्हर, मागच्या चाकाला जाळी आणि कॅरिअर असल्याखेरीज घेऊ नका, ही तीन वाक्यं एका चिठ्ठीवर लिहून पालकांना देता आली असती. आता दिली जातात.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये दोन गट मोडले, कारण पुढे चालणाऱ्या मुली दहावी होऊन बाहेर पडल्या होत्या आणि त्यांच्या जागी कुणी तयार नव्हतं. पेटी सांभाळणाऱ्या आठांपैकी पाच जणही गेले. गटाच्या पुढची आणि मागची नवी जोडी फेब्रुवारीतच जुन्या जोडीबरोबर चालली पाहिजे, आणि दुरुस्ती आठवीच्या मुलांना शिकवली पाहिजे, दहावीच्या नाही.

अनुदान बऱ्याचदा पावसाळा उलटल्यावर हाती येतं. आठवीत नव्याने आलेली मुलगी जून ते ऑक्टोबर सायकलीविना असते, आणि शाळा सोडण्याचा विचार घरात याच महिन्यांत पक्का होतो. शाळेकडे जमलेल्या जुन्या सायकली सध्या वर्षभरासाठी लांबच्या वस्तीला जातात. त्यातल्या काही पहिल्या पाच महिन्यांसाठी आठवीला राखून ठेवायच्या, हे पुढच्या मे महिन्याच्या दुरुस्तीआधी ठरायला हवं.